मौन, पैसे आणि भीती यांना संमती मानू नका: फ्रान्सच्या न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. न्यायमंत्री तथा मुद्रारक्षक,
फ्रेंच प्रजासत्ताक, प्लास व्हाँदोम, पॅरिस.

प्रत: सर्व त्रिब्युनाल ज्युदिसियेरमधील (पहिल्या पातळीवरच्या न्यायालयांतील) सरकारी अभियोक्ते आणि कबुलीवरील शिक्षांना मंजुरी देणारे न्यायाधीश.

विषय: सुनावणीशिवाय किंवा झटपट दिल्या जाणाऱ्या फौजदारी शिक्षा आणि फ्रेंच न येणाऱ्या आरोपीची संमती.

महोदय,

फ्रान्समधल्या फौजदारी न्यायालयांत मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांसाठी दुभाषाचे काम करणारे, त्यांची कागदपत्रे लावून देणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. पत्राची फ्रेंच प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहोत. मराठीत लिहिण्याचे कारण साधे आहे. ज्यांच्या नावाने हे आदेश निघतात, त्यांतल्या अनेकांना ते वाचता येत नाहीत. मुलामुलींना शिक्षणाला, नोकरीला इकडे पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या घरांना तर अशी काही पद्धत असते हेच ठाऊक नसते.

गेल्या पंचवीस वर्षांत फ्रेंच फौजदारी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने आखूड होत गेली. 1999 साली कोंपोझिसियों पेनाल आली, म्हणजे खटला न भरता अभियोक्त्याने सुचवलेली उपाययोजना. 2002 च्या कायद्याने सुनावणीशिवायचा दंडादेश, ऑर्दोनान्स पेनाल, किरकोळ नियमभंगांच्या पुढे जाऊन देली या मधल्या गंभीरतेच्या वर्गातल्या गुन्ह्यांनाही लागू झाला, सुरुवातीला फक्त वाहतुकीच्या गुन्ह्यांपुरता. 2004 साली कबुलीवरची शिक्षा आली, म्हणजे आरोपीने अपराध मान्य केल्यावर अभियोक्त्याने सुचवलेली आणि न्यायाधीशाने मंजूर केलेली शिक्षा. 2011 साली या दोन्ही पद्धतींची कक्षा रुंदावली. 2016 च्या कायद्याने ठरीव रकमेचा फौजदारी दंड आणला. 2019 साली कबुलीवर देता येणाऱ्या कैदेची मर्यादा एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली. आता सर्वांत गंभीर गुन्ह्यांतही कबुलीची वाट उघडावी, असा विचार आपल्या मंत्रालयाने जाहीरपणे मांडला आहे. तो ऐकल्यावर गप्प बसणे आम्हाला शक्य नाही.

न्यायालयांवरचा कामाचा भार आम्ही रोज पाहतो. प्रत्येक प्रकरणाला पूर्ण सुनावणी द्या, असे आमचे म्हणणे नाही. पण या साऱ्या पद्धती एकाच पायावर उभ्या आहेत: आरोपीने समजून-उमजून दिलेली संमती. तो पायाच नीट घातला जात नाही. दंडादेशात आरोपीचे मौन संमती धरले जाते, ठरीव दंडात त्याने भरलेले पैसे, आणि कोठडीतून थेट आणलेल्या माणसाच्या बाबतीत त्याची भीती. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत म्हणतात. ज्याला प्रश्नच समजलेला नाही, त्याच्या मौनाला हे वचन लागू होत नाही.

ऑर्दोनान्स पेनालबद्दल

आमची सर्वांत मोठी तक्रार इथे आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 495 नुसार हा मार्ग घ्यायचा तर काही गोष्टी आधी पूर्ण व्हाव्या लागतात. घटना साधी आणि सिद्ध झालेली हवी. कैद देण्याची गरज वाटू नये. शिवाय आरोपीचे व्यक्तिमत्त्व, त्याचे उत्पन्न आणि त्याच्यावरचे आर्थिक भार यांची शिक्षा ठरवण्याइतकी माहिती कागदावर हवी. अभियोक्ता फाइल न्यायाधीशाकडे पाठवतो, न्यायाधीश कोणालाही न बोलावता आदेश काढतो. कैद देता येत नाही. दंड त्या गुन्ह्याच्या कमाल दंडाच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त 5,000 युरो. वाहन परवाना निलंबित करण्यासारखी जोडशिक्षा मात्र देता येते.

आता ‘पुरेशी माहिती’ कुठून येते ते पाहा. ती येते पोलिसांच्या जबाबातल्या तीन-चार ओळींतून. एखादा विद्यार्थी शनिवारी रात्री गाडी चालवताना सापडतो. श्वासाच्या लिटरमागे 0.40 मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे रक्तात 0.80 ग्रॅम, ही देलीची सीमा त्याने ओलांडलेली असते. त्याला विचारतात, महिन्याला किती मिळतात? तो म्हणतो, घरून आठशे युरो येतात. जबाबात ‘उत्पन्न: 800’ अशी नोंद होते. पुढचा प्रश्न, कर्ज आहे का? फ्रान्समधल्या बँकेबद्दल विचारताहेत असे समजून तो ‘नाही’ म्हणतो. गावाकडच्या बँकेत वडिलांच्या नावावर घर तारण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज जबाबात येतच नाही. दंड संहितेचे कलम 132-20 दंडाची रक्कम आरोपीचे उत्पन्न आणि भार पाहून ठरवायला सांगते. ते पाहायला सुनावणी नाही, आणि कागदावर जे आहे ते अर्धवट आहे.

त्यानंतर आदेश पोचवण्याची बाब. काही ठिकाणी अभियोक्त्याचा प्रतिनिधी आरोपीला बोलावून आदेश हातात देतो. तिथे निदान एक माणूस समोर असतो, काही विचारता येते. पण रजिस्टर पत्राने आला तर? फ्रान्समध्ये टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. भाड्याच्या खोलीत दुसऱ्याच्या करारावर राहणाऱ्या मुलाचे नाव पेटीवर नसते. पत्र ‘या पत्त्यावर असा कोणी नाही’ म्हणून परत जाते. नाव असले आणि माणूस घरी नसला तर पोस्टमन एक चिठ्ठी टाकून जातो, आणि पत्र पोस्टात पंधरा दिवस थांबते. त्या चिठ्ठीवर न्यायालयाचा उल्लेख नसतो. पार्सल असेल, नंतर बघू, म्हणून ती स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटून राहते.

पत्र हाती पडले तरी आतला मजकूर फ्रेंचमध्ये. आदेशाविरुद्ध हरकत, म्हणजे ओपोझिसियों, नोंदवायला 45 दिवस असतात. ही मुदत सूचना मिळाल्यापासून धावते. पत्र मिळाल्याचे पोचपावतीवरून दिसत नसेल तर कलम 495-3 आरोपीच्या बाजूने आहे. शिक्षा झाल्याचे आणि हरकतीची मुदत व पद्धत कळल्याच्या दिवसापासून 45 दिवस मोजायचे. ही तरतूद चांगली आहे आणि आम्ही ती अनेकांना सांगतो. पण ज्याने पत्र घेतले, सही केली आणि आतले एक अक्षर समजले नाही, त्याला तिचा उपयोग नाही. पोचपावतीवरची सही म्हणजे मजकूर समजला, असे धरून घड्याळ सुरू होते.

महोदय, हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयाने केव्हाच निकाली काढला आहे. 12 ऑक्टोबर 2017 च्या स्लोयट्येस निकालात, प्रकरण क्रमांक सी-278/16, ते न्यायालय म्हणाले की सुनावणीशिवायचा दंडादेश हा आरोपपत्रही असतो आणि निकालही. म्हणून युरोपीय संघाच्या 2010 च्या दुभाषा-भाषांतर निर्देशाखाली तो ‘अत्यावश्यक दस्तऐवज’ ठरतो, आणि भाषा न येणाऱ्या आरोपीला त्याचे लेखी भाषांतर द्यावे लागते. तो खटला जर्मनीतला होता, पण निर्देश फ्रान्सवरही बंधनकारक आहे. फ्रान्सने तो 5 ऑगस्ट 2013 च्या कायद्याने आपल्या संहितेत घेतला, कलम 803-5 त्यासाठीच आहे. आरोपीला कोणती भाषा समजते हे पोलिसांच्या पहिल्या कागदावर लिहिलेले असते. जबाबाला दुभाषा लागला होता, म्हणजे फाइलमध्येच पुरावा आहे. तरी आमच्याकडे येणारे लोक केवळ फ्रेंचमधला आदेश घेऊन येतात. ही चूक नवा कायदा न करता उद्यापासून थांबवता येईल.

हरकतीचे परिणामही समजावून सांगावे लागतात. हरकत घेतली की प्रकरण उघड न्यायालयात नव्याने चालते, वकील मिळतो, गरज असेल तर नेमूनही मिळतो. पण तिथे दंड वाढू शकतो, आणि गुन्ह्याला कैदेची तरतूद असेल तर कैदही होऊ शकते. सुनावणी सुरू होण्याआधी हरकत मागे घेतली तर जुना आदेश पुन्हा लागू होतो. हे सारे कळले तरच 45 दिवसांना अर्थ आहे. त्यात पैशांची घाई वेगळीच. महिन्याच्या आत दंड भरला तर 20 टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त 1,500 युरो. सवलतीसाठी महिना आणि हरकतीसाठी 45 दिवस, म्हणून माणूस घाबरून आधी पैसे भरतो आणि विषय संपला समजतो. कलम 707-2 सांगते की दंड भरल्याने दाद मागण्याचा हक्क जात नाही. हे वाक्य त्याच्या भाषेत त्याला कोणीही दाखवत नाही.

शेवटी गुन्हे-नोंदीचे. फ्रेंच कासिये ज्युदिसियेरचे तीन उतारे असतात. पहिला न्यायालयांसाठी, दुसरा शासकीय कार्यालयांसाठी आणि काही ठरावीक नोकऱ्यांसाठी, तिसरा त्या माणसाला स्वतःला मिळतो. दंडादेशाची शिक्षा दुसऱ्या उताऱ्यात जाते आणि प्रेफेक्त्युरला, म्हणजे निवास परवाना देणाऱ्या कार्यालयाला दिसते. उघड सुनावणीत वकील एका वाक्यात विनंती करू शकतो: दुसऱ्या उताऱ्यातून ही नोंद वगळावी. कलम 775-1 न्यायाधीशाला तसा अधिकार देते. दंडादेशात ही विनंती करायला कोणी हजरच नसते. नंतर वेगळा अर्ज करता येतो, पण तोवर निवास परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख येऊन गेलेली असते.

ठरीव दंडाबद्दल

याला इथे आमांद फोर्फेतेर देलिक्त्युएल म्हणतात. परवान्याशिवाय गाडी चालवल्यास 800 युरो, विम्याशिवाय 500, अमली पदार्थाच्या सेवनाबद्दल 200. लवकर भरले तर कमी, उशीर केला तर जास्त. अमली पदार्थांसाठी ही पद्धत 1 सप्टेंबर 2020 पासून देशभर लागू झाली. पोलीस रस्त्यावर यंत्रात नोंद करतो, सूचना नंतर घरी येते, तक्रारींची छाननी रेन शहरातल्या अभियोक्त्याकडे होते. इथे न्यायाधीश मुळीच नसतो.

मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे वाहतूक पोलिसाने पावती फाडली, पैसे भरले की विषय संपतो. त्यामुळे ‘दोनशे युरो भरा’ हे तो पावतीसारखेच समजतो. पण हा दंड देली वर्गाच्या गुन्ह्याबद्दल आहे, आणि त्याची नोंद गुन्हे-नोंदीच्या पहिल्या उताऱ्यात होते. पुढे कधी अभियोक्त्यापुढे उभे राहावे लागले तर ती त्याच्या टेबलावर असते.

ज्याला आपण निर्दोष आहोत असे वाटते, त्याने तक्रार करताना दंडाएवढी रक्कम आधी अनामत भरायची. विद्यार्थ्याकडे त्या महिन्यात आठशे युरो नसतील तर त्याची बाजू ऐकण्याआधीच दार बंद होते. देफाँसर दे द्रुआ, म्हणजे हक्करक्षक या घटनात्मक पदावरून 2023 साली ही पद्धत बंद करण्याची शिफारस झाली. आपण ती मान्य केली नाही. निदान अनामतीची अट तरी काढा.

कबुलीवरच्या शिक्षेबद्दल

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. या पद्धतीचे फ्रेंच संक्षिप्त नाव लिहिताना तीच चार रोमन अक्षरे येतात जी आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची, सीआरपीसीची. नावापुरतेच साम्य आहे. इथे त्याचा उच्चार सेएरपेसे, आणि अर्थ ‘आधी अपराध कबूल करून होणारी हजेरी’.

आरोपीने घटना मान्य केली असेल तर अभियोक्ता शिक्षा सुचवतो. कैद सुचवली तर ती तीन वर्षांपेक्षा जास्त नको आणि त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. वकील सक्तीचा आहे, आरोपीला तो नाकारताच येत नाही. ही या पद्धतीतली सर्वांत भक्कम भिंत आहे आणि ती उभारल्याबद्दल आम्ही कायदा करणाऱ्यांचे ऋणी आहोत. आरोपीने होकार दिला की प्रकरण न्यायाधीशापुढे उघड सुनावणीत जाते. न्यायाधीश मंजुरी देतो किंवा नाकारतो. शिक्षेत एक दिवस किंवा एक युरो कमी-जास्त करण्याचा अधिकार त्याला नाही.

विचार करायला दहा दिवस मागण्याचा हक्क आहे. बोलावणे घरी आलेल्या माणसाला तो खरोखर वापरता येतो. कोठडीतून थेट अभियोक्त्यापुढे आणलेल्या माणसाचे काय होते ते पाहा. अभियोक्त्याने दोन महिने किंवा अधिक प्रत्यक्ष कैद सुचवली असेल आणि ती लगेच अमलात आणायची इच्छा सांगितली असेल, तर दहा दिवस मागणाऱ्या माणसाला तेवढ्या काळासाठी न्यायालयीन देखरेखीत किंवा तुरुंगात ठेवा, असे तो न्यायाधीशाला सांगू शकतो. पुढची तारीख दहा ते वीस दिवसांत. म्हणजे आरोपीपुढचा हिशोब असा: आत्ता ‘हो’ म्हणालो तर काय होणार ते कळेल. विचार करायला वेळ मागितला तर कदाचित आजची रात्र तुरुंगात. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास झोप नसलेला, कामाच्या ठिकाणी काय सांगायचे याची चिंता करणारा माणूस काय निवडणार? त्याची सही खरी असते, संमती खरी नसते.

भारतातल्या पद्धतीशी तुलना इथे करायला हवी. 2006 पासून सुरू झालेल्या आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत असलेल्या भारताच्या प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीवरच्या वाटाघाटीच्या पद्धतीत अर्ज आरोपीने स्वतः न्यायालयाला करायचा असतो. न्यायाधीश दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून आरोपीशी एकट्याशी बोलतो आणि अर्ज राजीखुशीने आहे का याची खात्री करतो. मग वाटाघाटीला साठ दिवसांपर्यंत वेळ देता येतो. भारतात ही पद्धत फारशी वापरली जात नाही, तिच्यात स्वतःच्या अडचणी आहेतच. पण न्यायाधीशाने आरोपीला आधी, एकट्याने विचारायचे ही एक गोष्ट फ्रान्सने घेण्यासारखी आहे.

कागदावर कबुली नाकारली तर नुकसान नाही. कलम 495-14 म्हणते की या टप्प्यातले जबाब पुढच्या न्यायालयाला देता येत नाहीत, त्यांचा उल्लेखही करता येत नाही. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब फाइलमध्ये राहतोच. शिवाय कबुलीच्या हजेरीचे आणि नेहमीच्या सुनावणीचे बोलावणे एकाच वेळी देता येते. त्यामुळे पुढच्या न्यायालयाला आधी काय झाले याचा अंदाज येतो. वकिलांनी हे आपल्या अशिलाला आधी सांगावे, अशी त्यांनाही या पत्रातून विनंती.

ज्यांनी घाईत होकार दिला आणि मंजुरी मिळाली, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. मंजुरीविरुद्ध दहा दिवसांत अपील करता येते. अभियोक्त्याने अपील केले नसेल तर कलम 520-1 नुसार अपील न्यायालय मंजूर शिक्षेपेक्षा कडक शिक्षा देऊ शकत नाही.

आता भाषेचे, जे आमचे रोजचे काम आहे. ‘व्हू रेकोनेसे ले फे?’ हा एक प्रश्न. त्याचे ‘घडले ते असेच घडले का?’ असे भाषांतर करता येते, आणि ‘तुम्हाला गुन्हा कबूल आहे का?’ असेही. भांडणात धक्का दिला हे मान्य करणारा माणूस पहिल्या प्रश्नाला हो म्हणेल. पण धक्का स्वतःच्या बचावासाठी होता असे त्याचे म्हणणे असेल, तर दुसऱ्याला त्याने नाही म्हणायला हवे. कबुलीची सारी इमारत या एका क्रियापदावर आहे. दुसरा शब्द ‘स्युर्सी’. त्याचे ‘शिक्षा स्थगित’ असे भाषांतर ऐकून आरोपी ‘सुटलो’ म्हणतो. पाच वर्षांत पुन्हा गुन्हा झाला तर तीच कैद अंगावर येऊ शकते, हे त्याला वेगळे सांगावे लागते. तिसरी जोडी कोंत्राव्हाँसियों, म्हणजे किरकोळ नियमभंग, आणि देली. दोन्हींना आपल्या बोलण्यात ‘फाइन’च म्हणतात, आणि परिणाम जमीन-अस्मानाचे. हे सारे दूरध्वनीवरून, पलीकडून अर्धवट ऐकू येणाऱ्या आवाजात, वकिलाच्या भेटीसाठी दहा-पंधरा मिनिटे हाताशी असताना नीट होत नाही. संहितेच्या प्रास्ताविक कलमाने दुभाषाचा हक्क वकिलाशी होणाऱ्या भेटीलाही दिला आहे. तरी दुभाषाला अनेकदा सुनावणीच्या वेळी बोलावले जाते, भेट त्याआधीच तुटक्या इंग्रजीत उरकलेली असते. आणि मराठी माणसासाठी हिंदीचा दुभाषा चालेल असे परस्पर ठरवू नका. बाजारहाटापुरते हिंदी येणे वेगळे आणि कोठडीत बसून ‘ताबा’, ‘हेतू’, ‘सहभाग’ यांचे अर्थ कळणे वेगळे.

तत्काळ हजेरीबद्दल थोडेसे

कोंपारुसियों इमेदियातमध्ये माणूस कोठडीतून त्याच दिवशी न्यायालयापुढे येतो. तिथे वकील आणि न्यायालय असते, म्हणून आमच्या तक्रारी कमी आहेत. एकच सांगतो. तयारीला वेळ मागितला की तोवर बाहेर ठेवायचे की आत, हे ‘हजर राहण्याची हमी’ पाहून ठरते. पत्त्याचा पुरावा, घरमालकाचे पत्र, नोकरीचा करार, पगारपत्रके, विद्यार्थी ओळखपत्र हे कागद खोलीत असतात आणि खोलीची किल्ली पोलिसांनी जमा केलेल्या पिशवीत. कुटुंब हजारो किलोमीटर दूर. सामाजिक चौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्याला एक फोन परदेशात लावू द्या आणि कागद ईमेलने आलेले चालवून घ्या, इतकी छोटी सोय अनेकांना तुरुंगाबाहेर ठेवेल. 2019 च्या कायद्यानेच दंड संहितेत म्हटले आहे की कैद हा शेवटचा उपाय, एका महिन्यापर्यंतची कैद द्यायचीच नाही आणि सहा महिन्यांपर्यंतची शक्यतो तुरुंगाबाहेर भोगू द्यायची. पत्त्याचा कागद नसेल तर पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची परवानगी कोण देणार?

आमच्या मागण्या

1. ज्या फाइलमध्ये पोलीस जबाबाला दुभाषा लागला होता, त्या फाइलमधला प्रत्येक ऑर्दोनान्स पेनाल त्या भाषेतल्या लेखी भाषांतरासह पाठवावा, आणि 45 दिवस भाषांतर मिळाल्यापासून मोजावेत. यासाठी अभियोक्त्यांना एक परिपत्रक पुरेसे आहे.

2. आदेशासोबत एका पानाचा हरकतीचा छापील अर्ज असावा: प्रकरण क्रमांक, नाव, पत्ता, ‘मी या आदेशाविरुद्ध हरकत घेतो/घेते’ आणि सही. दंड भरल्याने दाद मागण्याचा हक्क जात नाही, हे वाक्य त्याच पानावर असावे.

3. त्याच पानावर दुसऱ्या उताऱ्यातून नोंद वगळण्याच्या विनंतीचा रकाना द्यावा.

4. पोलीस जबाबात उत्पन्नाखाली ‘परदेशातील कर्ज व कुटुंबाचा भार’ अशी वेगळी ओळ असावी.

5. ठरीव दंडाच्या तक्रारीसाठी अनामतीची अट रद्द करावी, आणि सूचनेवर पहिल्याच ओळीत ‘याची नोंद गुन्हे-नोंदीत होते’ असे अनेक भाषांत छापावे.

6. दहा दिवस मागितले म्हणून तुरुंग, ही कलम 495-10 मधली जोडणी तोडावी. कोठडी हवीच असेल तर ती नेहमीच्या निकषांवर, वेगळ्या आदेशाने मागावी.

7. मंजुरी देणाऱ्या न्यायाधीशाने आरोपीला, अभियोक्ता हजर नसताना, दुभाषामार्फत तीन गोष्टी विचाराव्यात: काय मान्य केले, कोणती शिक्षा स्वीकारली, नकार दिला असता तर काय झाले असते. उत्तरे आदेशात त्याच्याच शब्दांत लिहावीत. तिसरे उत्तर चुकीचे आले तर मंजुरी देऊ नये. कलम 495-11-1 त्याला नकाराचा अधिकार देतेच.

8. दुभाषा वकिलाच्या भेटीपासून प्रत्यक्ष हजर असावा आणि त्या वेळेचे मानधन धरले जावे.

या आठ गोष्टी होईपर्यंत कबुलीची पद्धत आणखी गंभीर गुन्ह्यांकडे नेऊ नये. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या मागणीला संसदेची गरज नाही, म्हणून त्यांवर आपल्या कार्यालयाचे लेखी उत्तर आधी मिळावे. भाषांतराचा खर्च आड येत असेल तर ठरावीक मजकुराचा मराठी नमुना तयार करून द्यायला आम्ही बिनमोल बसू. त्यासाठी दंडादेशाचा सध्याचा कोरा नमुना आम्हाला पाठवावा.

आपले विश्वासू,
फ्रान्समधील फौजदारी न्यायालयांत मराठी व हिंदी दुभाषाचे काम करणारे आणि त्यांचे सहकारी